‘मी काय येडी हाय का?’

प्रश्न : चाळिशीतल्या एका ऊसतोड बाईचं सात महिन्यांपासून डोकं दुखतं, छातीत धडधडतं, हातापायांना मुंग्या येतात. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-१२, ईसीजी सगळं ठीक आहे. ‘मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा’ म्हटलं, तर ‘मी काय येडी हाय का?’ म्हणून उठून गेली. अशा वेळी बोलावं कसं?
– वैद्यकीय अधिकारी, बीड जिल्हा

उत्तर : ‘रिपोर्ट नॉर्मल’ हे तिला ‘तू ढोंग करतेस’ असं ऐकू गेलं. ती परत आली की ‘दुखणं खरं आहे’ हे आधी म्हणा, आणि दुखतं तिथं हात लावून पुन्हा तपासा. हात न लावता लिहिलेली गोळी आपल्याकडे कुणी मनावर घेत नाही.

ओपीडी संपल्यावर वीस मिनिटं काढा. पहिली दोन-तीन मिनिटं न टोकता ऐका. ‘टेन्शन आहे का?’ याला ‘न्हाई’ हेच उत्तर येतं. त्यापेक्षा ‘काल उठल्यापासून निजेपर्यंत काय काय केलं?’ असं विचारा. झोप कधी मोडते, जेवण जातं का, मन कशात लागतं, मुकादमाचा फोन आला की डोकं जास्त ठणकतं का, हे सगळं त्यातच निघतं. सासू किंवा नवरा मध्येच उत्तरं देत असतील, तर सिस्टरना सोबत ठेवून त्यांना बाहेर बसवा. मारहाण, दारू, उचल त्यांच्यासमोर निघत नाही. दुखणं कशामुळे असं तिला वाटतं, तेही विचारा. ‘बाहेरचं’ म्हणाली तर हसू नका, वादही घालू नका. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे सरळ विचारा, विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. ‘हो’ म्हणाली तर एकटं सोडू नका, तज्ज्ञांशी त्याच दिवशी बोला आणि फवारणीचं औषध घरातून हलवायला लावा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही द्या.

मग शरीरातूनच समजवा : काळजीनं श्वास जलद होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मुंग्या येतात. मान-खांदे आवळले की डोकं दुखतं. हे पटलं, तरच तज्ज्ञांचं नाव काढा, तेही ‘मीसुद्धा तपासत राहीन’ असं सांगून. पुढची तारीख दोन आठवड्यांची द्या, त्रास असो वा नसो. ‘त्रास झाला तरच या’ म्हटलं, की त्रास हेच भेटीचं तिकीट होतं.

मात्र नुसत्या नॉर्मल रिपोर्टवरून ‘मानसिक’ ठरवू नका. मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकी पुस्तिका डीएसएम-५, तिनंही २०१३ मध्ये अशा शारीरिक लक्षणांच्या आजाराच्या निदानातून ‘वैद्यकीय कारण सापडत नाही’ ही अट काढून टाकली. वजन घटलं, ताप राहिला, एका बाजूची शक्ती गेली किंवा डोकेदुखीनं झोपेतून जाग येऊ लागली, तर तपासण्या पुन्हा सुरू करा.