तेल महागलं तरी एआयमुळे शेअर बाजार वर कसा काय?

दादरहून लोकलमध्ये उभ्या उभ्या टाइप करतोय, सांभाळून घ्या. आपण कच्चं तेल ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो, म्हणजे तिकडे भाव भडकला की इकडे डॉलरची मागणी वाढते, रुपया घसरतो, महागाई वाढते आणि मग रिझर्व्ह बँकेला व्याजदर कमी करायला जागाच राहत नाही. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे ब्रेंट (ज्यावरून जगात तेलाचा भाव ठरतो ते कच्चं तेल) पिंपाला १३० डॉलरच्या वर जाऊन आलं, मे महिन्यात रेपो रेट (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) वाढलाच.

एआयचं म्हणाल तर अमेरिकेचा इंडेक्स (बाजाराचा निर्देशांक, ज्यात मोठ्या कंपनीचं वजन जास्त) मोजक्या मोठ्या कंपन्यांच्या जिवावर चढलाय, त्यामुळे बाकीचे शेअर ढिम्म असले तरी बाजार वर दिसतो. पण ते किती नाजूक आहे बघा, २७ जानेवारी २०२५ ला डीपसीक या चिनी कंपनीच्या स्वस्तातल्या एआयच्या धसक्याने एनव्हिडिया या एआय चिपवाल्या अमेरिकी कंपनीचा शेअर एका दिवसात १७ टक्के पडला. आणि गंमत म्हणजे एआय चालवणाऱ्या डेटा सेंटरला वीज लागते ढीगभर, ती मागणी आता घटेल या भीतीने अमेरिकेतल्या वीज कंपन्यांचे शेअरही त्याच दिवशी आपटले! म्हणजे एनर्जी आणि एआय आता एकाच दोरीला बांधलेत. आपल्याकडे एनव्हिडियासारखी चिपवाली कंपनी नाही, आयटी सर्विसवाल्या आहेत, त्यांना एआयचा फायदा कमी नि भीतीच जास्त असं माझं मत.