मॅडम, आर्किटेक्टला पगार नेमका कधी सुरू होतो?

गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात करिअरचा सल्ला विचारायला माझ्याकडं सहसा कोणी फिरकत नाही, आख्खं सोलापूर होम मैदानावर असतं. त्यामुळं त्या दुपारी मी फायली आवरत बसले होते तर नवरा, बायको आणि मुलगी असे तिघं दारात. मुलीला रश्मी म्हणू, खरं नाव वेगळंय आणि घरचे तपशीलही थोडे बदललेत. वडलांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना, घर अशोक चौकाकडं, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी. खुर्चीत टेकायच्या आत वडलांनी सुरू केलं, "मॅडम, पाच वर्षं शिकवलं, आता दीड वर्ष झालं पुण्यात नोकरी करायलीय, पगार १८ हजार. माझ्याकडचा माग दुरुस्त करणारा जॉबर हिच्यापेक्षा जास्ती नेतोय की. आर्किटेक्टला पगार नेमका कधी सुरू होतो तेवढं सांगा."

रश्मी खाली बघत होती. यात्रेला म्हणून हुतात्मा एक्सप्रेसनं आली ती परत जायचं नाही म्हणून बसलेली. आईची काळजी तिसरीच, मुलगी आर्किटेक्ट म्हटलं की स्थळवाले खुश होतात आणि पगार कळला की त्यांचा फोन येत नाही.

हा प्रश्न माझ्याकडं दोनदा येतो. एकदा बारावीला नाटाचा, म्हणजे आर्किटेक्चरच्या प्रवेशपरीक्षेचा फॉर्म भरताना आणि मग मूल २३-२४ वर्षांचं झालं की. पूर्वी मी यावर एक ठरलेलं उत्तर द्यायची, आवड आहे ना मग पैसा मागनं येतोच. हे मी एका मुलाला सांगितलं होतं, त्याच्या घरी विडीकामावर चालणारा संसार आणि डोक्यावर शिक्षणाचं कर्ज, तो मुंबईत दोन वर्षं तग धरून शेवटी कर्जाचे हप्ते थकले म्हणून ड्रॉइंगचा नाद सोडून दुसऱ्याच लाईनला गेला. पोरगा हुशार होता, माझं उत्तर चुकलं होतं. तेव्हापासून मी आवडीच्या आधी विचारते, घर किती महिने थांबू शकतं?

म्हणून रश्मीला पहिल्यांदा कागद दिला आणि पुण्याचा खर्च लिहायला लावला. कॉट बेसिसवर खोली ८,५००, मेस ४,०००, बस आणि पेट्रोल २,५००, आणि लॅपटॉपचा हप्ता ३,६००. (या पोरींना साधा लॅपटॉप चालत नाही, थ्रीडी रेंडरला, म्हणजे इमारतीचं खऱ्यासारखं चित्र काढायला तो रात्रभर तापत पडतो.) बेरीज १८,६००. म्हणजे साबण, चहा, गावाकडचं तिकीट काही न धरताच ६०० रुपये कमी, वरचं सगळं घरनं जात होतं आणि ते वडलांना धड माहीतच नव्हतं, कारण ते आईच्या फोनवरनं जायचं. वडलांनी कागद बघितला, मग बायकोकडं बघितलं. मी पाणी आणायला आत गेले.

दुसरा कागद मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दीड वर्षात स्वतः काय काय केलं ते लिही म्हटलं. तिनं लिहिलं, टॉयलेट डिटेल, दारं-खिडक्यांचं शेड्यूल, मंजुरीच्या ड्रॉइंगमधल्या दुरुस्त्या, रेंडर, परत रेंडर. साईटवर किती वेळा गेलीस विचारलं तर म्हणाली दोनदा, त्यातलं एकदा साहेबांची बॅग धरायला. क्लायंटशी कधी बोललीस? नाही. एखाद्या कामाचं एस्टिमेट? ते दुसरंच कोणतरी बघतं.

तर पगाराचं गणित इथं अडतं. मी काही आर्किटेक्ट नाही, पण वीसेक वर्षं ही मुलं माझ्याकडं येतायत आणि होटगी रोडला एक जुने आर्किटेक्ट ओळखीचे आहेत, त्यांना मी सतत छळत असते. त्यातनं जे कळलं ते रश्मीच्या वडलांना सांगितलं. इंटर्नशिपला कुठं काहीच नाही, कुठं पाच-सात हजार. डिग्री झाली, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी नंबर मिळाला की पुण्यात १८ ते २५, मुंबईत थोडं वर पण भाडं ते खाऊन टाकतं, सोलापुरात १२ ते १५. तीन-चार वर्षं हे असंच रडत चालतं. मग ज्याला साईट सांभाळता येते, कंत्राटदाराचं बिल तपासता येतं, त्याला ४०-५० मिळतात आणि ज्याला फक्त कॉम्प्युटरवर काढता येतं तो तिशीला आला तरी ३०च्या आसपास फिरतो. आठ-दहा वर्षांनी मोठ्या फर्ममध्ये किंवा बिल्डरकडं आख्खा प्रोजेक्ट अंगावर घेणारे ७० हजार, लाख, त्याच्याही वर जातात, तसे दोघं-तिघं माझ्याकडं येऊन गेलेत. पण ते वर्षं मोजून आपोआप मिळत नाही, सरकारी इन्क्रिमेंटसारखं.

सरकारी म्हटल्यावर आईनं मान वर केली. त्यांना सांगितलं, आहे ती पण वाट. शिकवायचं असेल तर एम.आर्क. (आर्किटेक्चरची मास्टर्स डिग्री) करून असिस्टंट प्रोफेसरचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगात ५७,७०० पासून आहे, कागदावर. खासगी कॉलेजात हातात किती येतं ते तिथल्याच कोणाला तरी खाजगीत विचारा. नगररचना विभागाच्या जागा असतात पण त्या निघतील तेव्हा, त्याच्या भरवशावर आत्ताची नोकरी सोडता येत नाही.

वडलांचा पुढचा प्रश्न खास व्यापाऱ्याचा होता. "मग स्वतःचं ऑफिस टाकू द्या की. पण मॅडम, आमच्या शेजाऱ्यानं बंगला बांधला तर नकाशा इंजिनियरनं काढला, आर्किटेक्टची गरजच काय?"

बरोबर विचारलं. १९७२चा आर्किटेक्ट्स कायदा 'आर्किटेक्ट' हा शब्द राखतो, नोंदणी नसलेल्याला तो लावता येत नाही, पण डिझाईनचं काम दुसऱ्या कोणी करू नये असं तो म्हणत नाही, सुप्रीम कोर्टानं २०२० साली हेच सांगितलं. त्यामुळं आपल्याकडं घर बांधणाऱ्याला इंजिनियर, सुपरवायझर, कंत्राटदाराचा भाचा असे बरेच पर्याय असतात. बिल्डरच्या कामात तेवढं बरंय, रेरा कायद्यानं ग्राहकांचे पैसे ज्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात त्यातनं पैसे काढायला त्याला आर्किटेक्टचं सर्टिफिकेट लागतं, तिथं सहीला किंमत आहे. पण सही केली की जबाबदारी पण आली, ती काय फुकटची कमाई नाही.

मग होटगी रोडवाल्या सरांनी मला एकदा पेपर नॅपकिनवर करून दाखवलेला हिशोब मी त्यांच्यापुढं मांडला. १,५०० स्क्वेअर फुटाचा बंगला, बांधकाम १,८०० रुपयांनी धरलं तर २७ लाख. फी चार टक्के ठरली (ठरली तर, नाहीतर "नकाशाचे पंधरा हजार घ्या" म्हणणारेच जास्त) तर एक लाख आठ हजार. काम चालणार दीड वर्ष, म्हणजे महिन्याला सहा हजार. त्यातनं ऑफिसचं भाडं, प्लॉटरच्या प्रिंटा, एक मुलगा पगारावर. अशी आठ-दहा कामं एकदम चालू असतील तेव्हा घर चालतं, आणि ती कामं यायला गावात माणसं ओळखीची लागतात, ती ओळख व्हायला दहा वर्षं. वडील बराच वेळ बोटावर काहीतरी मोजत होते. मग म्हणाले, "म्हणजे हे पगाराचं नाहीच की. हे धंद्याचं आहे." एवढ्या वेळात मी जे सांगायला धडपडत होते ते त्यांनी दोन वाक्यात उरकलं!

पुढं चार सेशन झाली, सगळी सांगत नाही. त्यातलं एक निव्वळ रडण्याचं होतं, कारण कॉलेजात हिची डिझाईन शीट भिंतीवर लागायची आणि ऑफिसात कोणी नावानं हाकसुद्धा मारत नव्हतं, पैशापेक्षा ते जास्त टोचत होतं. पुण्याच्या ऑफिसला तिनं साईटचं काम मागून बघितलं, ते नाही म्हणाले. मार्चमध्ये ती सोलापुरातल्याच एका छोट्या ऑफिसात लागली, पगार १४ हजार. नातेवाईक हसले. पण राहणं-जेवण घरी, लॅपटॉपचा हप्ता आणि १,५०० चं पेट्रोल गेलं तरी ८,९०० हातात राहतात, आणि पहिल्याच महिन्यात जुळे सोलापूरच्या साईटवर भर उन्हात उभी राहून तिनं गवंड्याकडनं जिन्याच्या दोन पायऱ्या फोडून परत करून घेतल्या, उंची चुकली होती म्हणून. हे तिनं मला फोनवर तीनदा सांगितलं.

सगळ्यांनी असंच गावी यावं असं माझं म्हणणं नाही हं. ज्याचं घर इथं नाही, वडलांचा आधार नाही, त्याला १४ हजारात इथंही भागत नाही, त्याचा हिशोब परत पहिल्यापासून मांडावा लागतो.

आता तिला तिथं दोन वर्षं होतील, पगार २२ झालाय. साहेबांना विचारून तिनं एक छोटं काम स्वतःच्या नावावर घेतलं, लांबच्या नातेवाईकाचं घर, प्लिंथ (जोतं) झाली तरी फीचा दुसरा हप्ता आला नव्हता. गेल्या महिन्यात फोन आला, "मॅडम, पैसे मागायला लाज वाटतेय, कसं मागू?" म्हटलं अगं, यातलं मला काय कळतंय, तुझ्या घरात तीस वर्षं टॉवेलची उधारी वसूल केलेला माणूस बसलाय, त्याला विचार.

आठ दिवसांनी मेसेज आला. पप्पा म्हणाले, स्लॅबचं ड्रॉइंग काढून तयार ठेव, पण पैसे जमा झाल्याशिवाय साईटवर देऊ नको, एकदा स्लॅब पडला की पार्टी फोन उचलत नाही. खाली लिहिलं होतं, हप्ता आला, पूर्ण.