वाचलेलं टिकत का नाही?

प्रश्न : धडा तीन-तीनदा वाचते, महत्त्वाच्या ओळी रंगवते. त्या दिवशी सगळं येतं. आठवड्याने पाटी कोरी. माझी स्मरणशक्ती कमी झाली असेल का?

उत्तर : स्मरणशक्तीला दोष देऊ नका, पद्धत बदला. पुन्हापुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो आणि 'येतंय' असं वाटू लागतं. परीक्षेत मात्र मजकूर समोर नसताना आठवावं लागतं. तो सराव झालेलाच नसतो.

एकदा नीट वाचा, पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर १० मिनिटं आठवेल ते लिहा. अडलात तरी लगेच पान उघडू नका, मिनिटभर डोक्याला ताण द्या. खरा फायदा त्या धडपडीचाच. मग पुस्तकाशी ताडून सुटलेलं वेगळ्या शाईने लिहा. हे टाळलं तर चुकीचंच पक्कं होतं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे सरस ठरले, आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे.

हीच उजळणी दुसऱ्या, चौथ्या आणि दहाव्या दिवशी करा. तारखा कागदाच्या कोपऱ्यात आधीच टाकून ठेवा. निम्म्याहून कमी आठवलं तर पुढचं अंतर घटवा.

ओळी रंगवण्याऐवजी समासात प्रश्न लिहा : 'मूत्रपिंडात रक्त कुठे गाळलं जातं?' उत्तर झाकून तोंडी द्या.

आणि जागरण नको. शिकलेलं पक्कं होण्याचं बरंच काम झोपेत होतं. उजळणीसाठी झोप कापणं तोट्याचंच.