टाकून दिलेल्या घोड्यांचा निवारा गावाच्या आधारावर चालतो का?

आपण विचारले आहे की निवृत्तीनंतर धुळे किंवा जळगाव जिल्ह्यात थोडी जमीन घेऊन म्हाताऱ्या, जखमी आणि सोडून दिलेल्या घोड्यांसाठी निवारा काढायचा असेल, तर तिथला रोजचा दिवस कसा असतो, महिन्याला खर्च किती येतो आणि देणगीदार कुठून मिळतात. त्यापुढे आपण आणखी एक प्रश्न जोडला आहे: ‘क्रूर घोडेवाल्यांच्या तावडीतून घोडे सोडवायला पोलिसांची मदत मिळते का?’ मी मुख्यतः या शेवटच्या प्रश्नासाठी उत्तर लिहीत आहे, कारण याच मुद्द्यावर आमच्या घरात मोठा वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही.

चोपडा तालुक्यात, अनेर नदीच्या बाजूला, आमच्या वडिलोपार्जित मळ्याच्या एका भागात आम्ही अशी जनावरे सांभाळतो. त्यांत बहुतेक वरातीच्या कामातून बाद झालेल्या घोड्या आहेत, एक टांग्याचा म्हातारा घोडा आहे आणि वीटभट्टीवरून आलेली खेचरे आहेत. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसालाही घोडा नव्याने शिकावा लागतो. बैल रवंथ करतो, घोडा करत नाही. त्याचे जठर अंगाच्या मानाने लहान असते आणि त्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे चुकीचे खाणे पोटात गेले की ते बाहेर काढण्याचा मार्गच त्याच्याकडे नसतो. म्हणून पहाटे आमचे पहिले काम म्हणजे रात्रीतून कोणी किती लीद टाकली आणि गव्हाणीत किती कुट्टी उरली हे पाहणे. ज्या घोडीने लीद टाकलेली नाही ती शांत उभी दिसली तरी ती आजारी आहे असेच आम्ही धरतो. मग पाणी, खूर उचलून आतली घाण काढणे, खरारा आणि जखमांची मलमपट्टी. साडेतीनशे किलोच्या घोडीला दिवसाला सात-आठ किलो सुका चारा लागतो. तो दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, कडब्याची कुट्टी करून चार-पाच वेळा विभागून द्यावा लागतो. पाणी एरवी तीस-चाळीस लिटर लागते, आणि जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा त्याहून बरेच जास्त. त्या दिवसांत सकाळी अकरापासून ऊन उतरेपर्यंत एकही जनावर निंबाच्या सावलीबाहेर काढत नाही. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर कापून घ्यावे लागतात. दिनक्रम म्हणाल तर हा असा आहे; तो कष्टाचा आहे, पण अवघड नाही.

अवघड भाग माणसांचा आहे, आणि तो सांगायचा तर आमच्या बिजलीची हकीकत सांगावी लागेल.

बिजली ही वरातीची पांढरी नुकरा घोडी. एका वर्षी दिवाळीनंतर, तुळशीच्या लग्नाच्या थोडे आधी, तिचा मालक तिला भाड्याच्या टेम्पोत घालून स्वतः आमच्याकडे घेऊन आला. घोडीच्या बरगड्या मोजता येत होत्या, चारही पायांवर सूज होती आणि मागचे पाय चालताना लटपटत होते. दुसऱ्या दिवशी ती बसली ती उठलीच नाही. माझे मोठे चुलतभाऊ, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो आणि ज्यांच्या पुढाकाराने हा निवारा सुरू झाला होता, त्यांनी घोडीकडे पाहून तिथल्या तिथे निकाल दिला की हा माणूस जनावराला उपाशी मारत होता आणि याच्यावर गुन्हा दाखल झालाच पाहिजे. मालक मान खाली घालून घोडीच्या डोक्याशी बसला होता. तो अहिराणीत एवढेच म्हणाला, “अण्णा, हाई मनी लेक शे,” म्हणजे ही माझी लेक आहे.

बसलेला घोडा फार काळ तसा ठेवता येत नाही. त्याच्याच वजनाने खालच्या बाजूचे स्नायू चेपतात, कातडी सडते आणि फुप्फुसावर ताण येतो; त्याला दर काही तासांनी कूस बदलून द्यावी लागते आणि शक्य असेल तर आधार देऊन उभे करावे लागते. आमच्याकडे त्यासाठी काहीही साधन नव्हते. शेजारच्या शेतकऱ्याने विहिरीतली मोटार काढायची लोखंडी तिवई आणि चेनपुली आणून घोडीवर उभी केली. ट्रकवर माल आवळायचे रुंद पट्टे एका मालवाहतूकदाराने दिले. पट्टे कातडीत रुतू नयेत म्हणून गावातल्या बायकांनी जुन्या गोधड्यांच्या घड्या घालून ते शिवून दिले. तालुक्याच्या पशुवैद्यकांनी रक्ताचा नमुना काचेवर घेऊन तपासला. पहिल्या नमुन्यात काही दिसले नाही, पण लक्षणांवरून त्यांचा संशय पक्का होता, म्हणून ताप चढलेला असताना त्यांनी पुन्हा नमुना घेतला आणि त्यात सर्राचे जंतू सापडले. हा रोग रक्त शोषणाऱ्या गोमाश्यांमुळे पसरतो, पावसाळ्यात आणि त्यानंतर वाढतो, आणि त्यात ताप येत-जात राहिल्यामुळे जनावर खात असूनही झिजत जाते. क्विनापायरामीनचे इंजेक्शन देण्यात आले. त्यानंतरच्या रात्री मालक, नालबंद, आमचा सालदार आणि गावातली कॉलेजात जाणारी मुले यांनी पाळ्या लावून काढल्या. कोणी घोडीची कूस बदलत होते, कोणी बाटलीने पाणी पाजत होते, कोणी माश्यांसाठी निंबाच्या पाल्याचा धूर करत होते. अखेर एका सकाळी तिने पट्ट्यांचा आधार असताना मागच्या पायांवर स्वतःचा भार घेतला. माझ्या आयुष्यात मला ज्या थोड्या गोष्टींचा अभिमान वाटतो, त्यांत ही सकाळ आहे.

अण्णांचे मत मात्र त्यानंतरही बदलले नाही. त्यांचे म्हणणे असे की रोग झाला हे खरे, पण वेळेवर डॉक्टर न आणणे हाही गुन्हाच आहे, आणि मी गुन्हेगाराला ओट्यावर बसवून चहा पाजतो आहे. मी त्यांना तेव्हा जे सांगितले तेच आपल्यालाही सांगतो. घोडेवाल्याचे वर्ष आधी समजून घ्या. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मासात लग्ने नसतात, म्हणजे चार महिने कमाई शून्य आणि घोडीचे खाणे मात्र रोजचे. दादरचा कडबा माघ-फाल्गुनात निघतो. श्रावण-भाद्रपदापर्यंत तो संपत आलेला आणि महागलेला असतो. त्याच दिवसांत गोमाश्या असतात आणि सर्रा असतो. घोडे टाकले जातात, रस्त्यावर सोडले जातात किंवा मिळेल त्या किमतीला विकले जातात ते बहुतांशी याच काळात. ज्याच्याकडे स्वतःची जमीन नाही, ज्याचे वडील टांगा हाकत होते आणि रिक्षा आल्यावर ज्याच्या हाती फक्त वरात उरली, त्याला क्रूर म्हणणे सोपे आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे व तट्टे मिळून सुमारे ६.२५ लाख होते, ते २०१९ मध्ये सुमारे ३.४ लाखांवर आले. एवढ्या वेगाने जे काम संपत चालले आहे, त्यातला माणूस जनावराइतकाच अडचणीत असतो.

आता पोलिसांबद्दल. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे आणि त्याच्या ११ व्या कलमाखाली पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड आहे. पन्नास रुपयांच्या त्या दंडासाठी आपण तक्रार केली, तर घोडी प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत मुद्देमाल म्हणून आपल्याकडे राहील, तिच्याविषयीचा प्रत्येक मोठा निर्णय न्यायालयाच्या हाती जाईल, आणि तालुक्यातला एकही घोडेवाला पुन्हा आपल्या फाटकाशी येणार नाही. पुढच्या वर्षी त्याची घोडी आजारी पडली की तो ती रात्री कुठेतरी सोडून देईल. बिजलीच्या मालकावर आम्ही तक्रार केली नाही, म्हणून त्यानंतर त्यानेच इतर घोडेवाल्यांना आणले. आता पावसाळा संपता संपता ते आपापल्या घोड्या रक्त तपासायला, धनुर्वाताची लस टोचायला आणि खूर कापायला आमच्याकडे आणतात, म्हणजे घोडी पडण्याच्या आधी आणतात. फाल्गुनात शेतकरी जो कडबा देतात त्याची गंजी आम्ही राखून ठेवतो आणि चातुर्मासात त्यातला मोठा वाटा ज्यांच्या घोड्या आमच्याकडे नाहीत अशा घोडेवाल्यांना देतो. अण्णांच्या मते हा देणाऱ्यांचा विश्वासघात आहे. माझ्या मते निवाऱ्याचे खरे काम हेच आहे, आणि ज्यांना ते पटत नाही त्यांनी निवारा काढू नये.

देणगीदारांविषयी आपल्या मनात जे चित्र आहे ते बाजूला ठेवा. शहरातून येणारे पैसे एखाद्या जखमी घोड्याच्या छायाचित्रावर येतात आणि महिन्याभरात थांबतात. गाव पैसे देत नाही, पण पेंढ्या देते, विहिरीचे पाणी देते, घोडा मेला तर खोल खड्डा काढायला जेसीबी देते आणि डिझेलसुद्धा मागत नाही. उलट गावाची माया आवरावी लागते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि पोळ्याला बायका पुरणपोळ्या घेऊन येतात, केळीवाले शेतकरी बाजारात न गेलेले घड आणून टाकतात. एक-दोन केळ्यांनी काही बिघडत नाही, परंतु गूळ, पोळी, भात आणि घमेलेभर केळी यांनी पोटशूळ उठतो किंवा खुरांना आतून सूज येऊन घोडा कायमचा लंगडा होतो. आम्ही कोणाला परत पाठवत नाही. नैवेद्य हात जोडून बाजूला ठेवतो आणि त्यांच्याच हाती कडबा देऊन घोड्यापुढे टाकायला सांगतो. गायीचे तयार पशुखाद्य मात्र कोणी फुकट दिले तरी घोड्याला घालू नका, कारण त्यातल्या काहींत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते आणि ते घोड्याच्या हृदयाला मारक ठरते. नुसत्या गव्हाच्या कोंड्यावर घोडा ठेवण्याची जुनी पद्धतही सोडा. त्यातल्या जास्तीच्या फॉस्फरसमुळे हाडांतले कॅल्शियम कमी होत जाते.

खर्चाचा आकडा मी देत नाही, कारण कडब्याचा भाव दर वर्षी वेगळा असतो आणि स्वतःचा चारा पिकवणारा व विकत घेणारा यांचा हिशेब जुळत नाही. एवढे धरून चाला की चाऱ्याहून औषधे आणि माणसाचा पगार जड जातो, आणि घोडा पंचवीस-तीस वर्षे जगू शकतो. आपण निवृत्तीनंतर सुरू करणार असाल, तर आपल्यामागे हे कोण पाहील याचे उत्तर पहिला घोडा घेण्याआधी तयार असले पाहिजे.

काही गोष्टी वर लिहायला हव्या होत्या, त्या इथे लिहितो. सगळे घोडेवाले बिजलीच्या मालकासारखे नसतात. काटेरी लगाम लावणारे आणि जखमेवर खोगीर कसणारे मी पाहिले आहेत. गाडी ओढणाऱ्या व ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांत काटेरी लगामाला बंदी आहे, दिवसाला ९ तासांहून जास्त काम घेता येत नाही, आणि पारा ३७ अंशांवर असताना दुपारी १२ ते ३ काम घेण्यासही मनाई आहे. समजावूनही जो ऐकत नाही त्याच्याविरुद्ध तक्रार अवश्य करा. मीही केली आहे. दुसरे, नवीन आलेला घोडा थेट इतरांत सोडू नका. त्याला वेगळे पाणी, वेगळी गव्हाण आणि वेगळा खरारा ठेवा आणि पशुवैद्यकांमार्फत ग्लँडर्सची तपासणी करून घ्या. हा रोग माणसालाही होतो, कायद्याने तो कळवावा लागतो आणि बाधित घोड्याला दयामरण द्यावे लागते. तिसरे, दयामरणाचा निर्णय घ्यायची तयारी नसेल तर हे काम हाती घेऊ नये. आतड्याला पीळ पडलेल्या घोड्याला शस्त्रक्रियेची सोय नसताना दोन दिवस तडफडू देणे ही क्रूरताच आहे, मग ती कितीही प्रेमाने केलेली असो.

जमीन घेण्याआधी मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या घोडेबाजारात काही दिवस काढा. तापीकाठच्या त्या यात्रेत काठेवाडी, मारवाडी, नुकरा असे सगळे घोडे दिसतील, पण आपण घोड्यांपेक्षा घोडेवाल्यांशी आणि नालबंदांशी बोला, चातुर्मासात ते काय करतात हे विचारा आणि त्यांच्यापैकी दोघे-तिघे तरी आपल्याला ओळखू लागले की मग जागा पाहा. घोडा ताब्यात घेताना मालकाकडून लेखी घ्या की त्याने तो स्वखुशीने दिला आहे आणि आता तो कामाला लावला जाणार नाही. त्याच कागदावर त्याला हवे तेव्हा येऊन घोडा पाहता येईल असेही लिहा. अण्णांचा या शेवटच्या कलमाला आजही विरोध आहे, आणि बिजलीचा मालक आजही वेळ मिळेल तेव्हा येऊन तिचा खरारा स्वतः करतो.