सगळे मिळून सिनेमाला, पण बोलायचं कधी?

प्रश्न : काका, सणाच्या सुट्टीत आमच्याकडे ११ माणसं जमतात. दर वर्षी एक दिवस सगळे सिनेमाला जातो. बेत माझाच असतो आणि दर वर्षी फसतो. सासरे कानाला यंत्र लावतात, तरी 'काय म्हणाला तो?' असं सासूबाईंना विचारत राहतात. ५ वर्षांच्या भाच्याला अर्ध्या तासात बाहेर जायचं असतं. जाऊबाई म्हणतात, 'भेटायला जमलो आणि अंधारात तोंडं मिटून बसलो, याला काय अर्थ?' सिनेमा संपला की जो तो गाडीकडे पळतो. यंदा बेतच रद्द करू का?
– दमलेली सून

उत्तर : रद्द करू नका. जाऊबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे, उरलेल्या अर्ध्याकडे शेवटी येतो.

माझी २६ वर्षं प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये गेली. तो रिळांचा काळ. २००० फुटांचं रीळ साधारण २२ मिनिटांत संपायचं. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकला की दुसरं मशीन सुरू करायचं. मधल्या वेळात त्या काचेच्या चौकोनातून मी सिनेमा कमी आणि माणसांची डोकी जास्त बघितली. कुटुंबाचा बेत कुठे फसतो ते वरून फार छान दिसतं. तो बहुतेक वेळा तिकीट काढतानाच फसलेला असतो, कारण सगळ्यांना एकाच रांगेत बसायचं असतं. ११ जणांच्या रांगेत दोन्ही टोकांची माणसं भिंतीशी जातात आणि निरोप कानगोष्टीसारखा पोचतो. त्यापेक्षा एकामागे एक अशा दोन रांगा घ्या. ५ पुढे, ६ मागे. भाचा आणि त्याची आई वाटेच्या कडेला, म्हणजे त्याला उठावंसं वाटलं की नऊ जणांचे गुडघे ओलांडायला नकोत. पाच वर्षांचं पोर अर्ध्या तासाने उठणारच, त्यात त्याची चूक नाही.

आता सासरे. बहुतेक घरं वडीलधाऱ्यांना आदराने शेवटच्या रांगेत बसवतात. तिथे बाजूच्या आणि मागच्या भिंतींवरचे स्पीकर जवळ येतात, म्हणजे पाऊस, गाड्या, ढोल थेट कानात. संवाद मात्र बहुतेक वेळा पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. (पडद्याला बारीक भोकं असतात, आवाज त्यांतूनच येतो. आमच्याकडे नवा आलेला पोऱ्या ती भोकं बघून पडदा फाटला म्हणून धावत आला होता.) त्यांना मधोमध बसवा, पडद्यापासून मागच्या भिंतीपर्यंतचं सुमारे दोनतृतीयांश अंतर सोडून. कानाच्या यंत्रात 'टी'ची (टेलिकॉइलची) सोय आहे का, आणि थिएटरात हिअरिंग लूप, म्हणजे त्या 'टी'ला आवाज पाठवणारी तार, आहे का, हे आधी विचारून ठेवा. दोन्ही असलं तर संवाद थेट यंत्रात येतात, शेजारच्यांची कुजबुज मधे येत नाही. खाली अक्षरं येणारा खेळ मिळाला तर उत्तमच.

आणि डब केलेला सिनेमा टाळा. कमी ऐकू येणारी माणसं नकळत ओठ वाचत असतात. तिथे ओठ एक म्हणतात आणि आवाज दुसरंच. मग 'काय म्हणाला तो?' नाही तर काय विचारतील! थ्रीडीसुद्धा त्यांच्यासाठी नको. तो चष्मा निम्म्याहून जास्त उजेड खातो, आणि वयाबरोबर डोळ्याची बाहुली अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही.

दिवे मालवायच्या आधी १५ मिनिटं सगळे आत असा. डोळ्यांना अंधार पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, म्हाताऱ्या डोळ्यांना त्याहून जास्त. काळोखात पायऱ्या चढताना धडपडणारे आजोबा मी इतके पाहिलेत की मोजायचं सोडून दिलं.

राहिल्या जाऊबाई. सिनेमात गप्पा होत नाहीत, पण सिनेमा गप्पांना विषय देतो. वर्षभराने भेटलेल्या माणसांकडे 'बाकी काय?' याशिवाय विषय कुठे असतो? म्हणून खेळानंतरचा एक तास बेतात धरा. सगळ्यांना बसता येईल अशी जागा आधीच ठरवून टाका. तिथे 'कसा वाटला?' विचारू नका, 'बरा होता' म्हणून विषय संपतो. 'त्या बाईच्या जागी तुम्ही असता तर दार उघडलं असतंत का?' असं काहीतरी विचारा. सासऱ्यांना सगळ्यांत आधी विचारा. दोन तास गप्प बसलेल्या माणसाकडे बोलायला पुष्कळ असतं.

प्रश्न : मी एकटा राहतो. सणाच्या दिवशी सगळे कुटुंबासोबत असताना एकट्याने सिनेमाला जायची लाज वाटते. तिकीट खिडकीवरची व्यक्ती काय म्हणेल?
– एक वाचक

उत्तर : 'किती तिकिटं?' एवढंच म्हणेल.

१८९४ साली एडिसनचा किनेटोस्कोप लोकांपुढे आला, तेव्हा पेटीच्या भोकाला डोळा लावून एका वेळी एकच माणूस हलती चित्रं बघायचा. पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १८९५ला, म्हणजे नाताळ आणि नव्या वर्षाच्या मधल्या दिवसांत, ल्युमिएर बंधूंच्या चित्रांचा तिकीट लावलेला खेळ पॅरिसच्या ग्रँड कॅफेच्या तळघरात झाला. १० चित्रपट, एकेक जेमतेम मिनिटभराचा. पेटीतलं चित्र भिंतीवर आलं आणि अनोळखी माणसं एका खोलीत बसून एकाच गोष्टीवर हसू लागली. आपण त्याच खोलीत जाऊन बसतो, ओळख असो वा नसो.

आमच्याकडे एक बाई दर सणाला दुपारच्या खेळाला एकट्या यायच्या. कडेची खुर्ची. विनोद त्यांना इतरांच्या अर्धा सेकंद आधी कळायचा. आधी त्यांचं हसू, मग सगळं थिएटर. एका वर्षी त्या आल्या नाहीत, तर तोच सिनेमा मला पडलेला वाटला. तुम्ही खुशाल जा. मात्र भरलेल्या खेळाला जा, रिकाम्याला नको.

प्रश्न : आमचे मेव्हणे सिनेमा चालू असताना सतत मोबाइल काढतात. पाहुणे आहेत, बोलताही येत नाही.
– संकोची

उत्तर : त्यांना पुढच्या रांगेत बसवा आणि तुमच्या सासूबाईंना बरोबर त्यांच्या मागे.