जुन्या गाडीला जाड ऑईल टाकावं का?

प्रश्न: 2008 ची वॅगनआर आहे, 1 लाख 70 हजार किलोमीटर झालेत. सकाळी स्टार्ट केली की थोडा निळा धूर येतो. मेकॅनिक म्हणतो ट्वेंटी फिफ्टी (20डब्ल्यू-50, म्हणजे जाड ऑईल) टाका, मित्र म्हणतो फुल सिंथेटिक (कारखान्यात खास बनवलेलं महागडं ऑईल). कुठलं टाकू?

उत्तर:

"जुनी गाडी हाय, जाड टाका." हे वाक्य मी आमच्या दाजींच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की तुमचा प्रश्न दिसल्यावर राहवेना.

माझी झेन 2001 ची. 2016 मध्ये 15 वर्षं पुरी होऊन पासिंगला न्यायची होती आणि नेमका तेव्हाच सकाळी धूर मारायला लागली. आमच्या दाजींची हयात वडाप जीपवर (प्रवासी वाहतुकीच्या) गेली, त्यामुळे इंजिन या विषयात घरात त्यांचाच शब्द शेवटचा. गणपतीला आले, सायलेन्सरला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "पाव्हणं, रिंगा गेल्यात. हाफ इंजिन काढावं लागंल. तवर ट्वेंटी फिफ्टी वता, पासिंगपुरतं निभंल." रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या, त्या झिजल्या की ऑईल वर चढून जळतं; हाफ इंजिन म्हणजे इंजिन खोलून त्या बदलणं. ओतलं. धूर कमी झाला, आवाजही दबला, गाडी पास झाली. दाजी खूश. मीही खूश, कारण खर्च वाचला.

आणि तिथंच मी गाढवपणा केला. धूर दिसायचा तोवर दर रविवारी ऑईलची पातळी दाखवणारी पट्टी काढून बघत होतो. धूर थांबल्यावर बॉनेटच उघडलं नाही. सिग्नलला थांबलं की जळका वास यायचा, तो मी पुढच्या ट्रकच्या नावावर टाकायचो. खाली फरशीवर एक थेंब नाही, मग शंका कशाला घ्या!

भाऊबीजेला पुण्याला ताईकडे गेलो. येताना दाजीही गाडीत, त्यांना गावी काम होतं. शिरवळ, खंडाळा गेलं, खंबाटकीचा चढ लागला आणि वळणावर ऑईलचा लाल दिवा लुकलुकला. सरळ रस्त्याला विझला. पुढच्या वळणावर परत. दाजी म्हणाले, "वायरिंगचा घोळ असंल. चला वर, थांबू नका घाटात." वयाचा मान ठेवून मी आणखी दोन वळणं घेतली, त्याची लाज आजही वाटते. मग बायको मागून ओरडली तेव्हा कडेला घेतली. पाच-दहा मिनिटं थांबून पट्टी काढली. पुसली, परत घातली, काढली. नुसतं टोक ओलं. खालच्या खुणेच्याही खाली.

तो दिवा पातळीचा नसतो, प्रेशरचा असतो. इंजिनाखालच्या चेंबरात पुरेसं ऑईल उरलं नाही की वळणाला ते एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि दिवा लागतो. म्हणजे दिवा लागला तेव्हा उशीर झालेला असतो. मागं एक ट्रकवाला गाडी थंड करत थांबला होता, त्याच्याकडून डिझेलचं 15डब्ल्यू-40 दोन लिटर विकत घेऊन ओतलं. दाजींच्या ट्वेंटी फिफ्टीपेक्षा पातळ, आणि इंजिन मात्र त्याच्यावर वाचलं.

साताऱ्यात एमआयडीसीतल्या एका मिस्त्रीनं आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासलं. चारही सिलिंडर ठणठणीत. रिंगांना काही झालेलं नव्हतं. व्हॉल्व सील (व्हॉल्ववरून ऑईल आत उतरू न देणारी रबरं) कडक झाले होते, पीसीव्ही व्हॉल्व (इंजिनातली वाफ बाहेर काढणारा) चोंदला होता आणि टॅपेट कव्हरचं (इंजिनावरच्या झाकणाचं) पॅकिंग गळत होतं. ते ऑईल गरम एक्झॉस्टवर पडून जळायचं, म्हणून खाली थेंब नाही आणि सिग्नलला वास. सगळं मिळून साडेचार हजार. हाफ इंजिनचा अंदाज बावीस हजारांचा होता.

आता तुमचं. सकाळी स्टार्ट करताना धूर आणि नंतर गायब, तर बहुतेक व्हॉल्व सील. चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की मागं निळा पट्टा सुटत असेल तर रिंगा. आधी कॉम्प्रेशन बघा, मग ऑईलच्या दुकानात जा. तुमचं इंजिन जुनं 1061 सीसीचं, वॅगनआरला के-सिरीज हे नवं इंजिन 2010 ला आलं. मॅन्युअलमध्ये तापमानाप्रमाणे ग्रेडचा तक्ता असतो, त्याच्या बाहेर जाऊ नका. त्यात बसत असेल तर आपल्या हवेत 10डब्ल्यू-40 सेमी सिंथेटिक पुरे. डब्यावर एपीआय एसएन (ऑईलचा दर्जा सांगणारी खूण) किंवा त्याच्या पुढचं बघा. फुल सिंथेटिकनं सील फाटतात ही जुनी अफवा आहे. होतं काय, तर ते आतली घाण धुऊन काढतं आणि घाणीनं बुजलेली गळती उघडी पडते. पण जी गाडी लिटरभर ऑईल पिते तिला महागडं पाजण्यात काय अर्थ आहे?

आणि डब्ल्यू म्हणजे 'वेट' नाही हो. विंटर. दाजी, तुम्ही हे वाचत असाल तर नीट वाचा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा गरम इंजिनातला. 100 अंशाला 40 चं ऑईल 12.5 ते 16.3 सेंटीस्टोकच्या (जाडी मोजायचं माप) मधे बसतं, 50 चं 16.3 ते 21.9, म्हणजे जास्त जाड. आमच्याकडं डिसेंबरात पहाटे ट्वेंटी फिफ्टीवर गाडी स्टार्ट केली की दोन-तीन सेकंद टॅपेट खडखडायचे. ऑईल वर पोचेपर्यंतचा तो आवाज. त्या सेकंदांत इंजिनाची झीज होते.

बाकी, महिन्यातून दोनदा तरी गार इंजिनावर, सपाट जागेवर पट्टी काढा. दोन खुणांच्या मधलं अंतर बऱ्याच गाड्यांत साधारण लिटरभराचं असतं, त्यावरून किती पिते ते कळतं. हजार किलोमीटरला अर्धा लिटर पीत असेल तर मी काळजी करणार नाही, डिकीत एक डबा ठेवीन. डबा रिकामा झाला की तळाला खिळ्यानं भोक पाडूनच भंगारात द्या, नाहीतर त्याच डब्यात काळं ऑईल गाळून परत विकायला येतं.

हे सगळं पेट्रोलचं. टर्बो डिझेल असेल तर माझं ऐकू नका. आणि खरंच रिंगा गेल्या असतील, इंजिन खोलायचं नसेल, गाडी वर्षभरात विकायची किंवा मोडीत काढायची असेल, तर ट्वेंटी फिफ्टी टाका. तेवढ्यापुरतं दाजींचं बरोबर आहे. फक्त धूर थांबला म्हणून पट्टी बघायची थांबू नका.