वजन उतरतं, पण राहत नाही

प्रश्न : वय 44, उंची 156 सेंटिमीटर. दोन वर्षांपूर्वी वजन 78 किलो होतं. सकाळी दुधीचा रस, दुपारी सॅलड, रात्री सूप असं चार महिने केलं आणि 66 वर आले. पहिल्याच आठवड्यात अडीच किलो कमी झालं होतं. पोळी-भात सुरू केला आणि दीड वर्षात वजन 80 वर गेलं. घरचे म्हणतात, जिभेवर ताबा नाही. तेच डाएट पुन्हा करू का? माझं मेटाबॉलिझम कायमचं बिघडलंय का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : तेच डाएट पुन्हा करू नका. आणि जिभेवर ताबा नसल्याचा ठपका मनातून काढून टाका, कारण तुमच्या बाबतीत जे घडलं ते शरीराच्या नियमाप्रमाणेच घडलं.

पहिल्या आठवड्यातले अडीच किलो म्हणजे बहुतांशी पाणी. यकृतात आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो, साधारण 400 ते 500 ग्रॅम. त्यातला प्रत्येक ग्रॅम आपल्यासोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतो. पोळी-भात सुटला की हा साठा रिकामा होतो, काटा झरझर खाली येतो. परत जेवू लागलं की तीन-चार दिवसांत दीड-दोन किलो वर. इथेच पुष्कळ जणी घाबरतात, ‘सगळं पाण्यात गेलं’ म्हणून हात टेकतात, आणि खरी चरबी त्यानंतर चढते.

मेटाबॉलिझम कायमचं बिघडत नाही, पण शरीर काटकसरी होतं. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की, उतरलेल्या दर किलोमागे रोजचा खर्च 20 ते 30 कॅलरींनी घटतो आणि भूक मात्र सुमारे 100 कॅलरींनी वाढते. तुमचे 12 किलो धरले तर खर्चात तीनेकशेची घट आणि भुकेचा रेटा हजाराच्या वर. सॅलड-सुपावर या भुकेला थोपवणं कुणालाच फार दिवस जमत नाही.

दुसरी गोष्ट स्नायूंची. प्रथिनं इतकी कमी आणि व्यायाम नाही, म्हणजे चरबीबरोबर स्नायूही झिजले. वजन परतताना चरबी आधी येते, स्नायू मागून. मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये 36 तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं, तेव्हाही हेच दिसलं. म्हणून आजचे 80 हे तेव्हाच्या 78 पेक्षा जड वाटत असतील. (दुधीच्या रसाबद्दल एक सांगायलाच हवं : दुधी कडू लागला तर त्याचा घोटभर रसही पोटात जाऊ देऊ नका. तो विषारी असतो, जिवावर बेतू शकतं.)

आता काय करायचं? पहिले दोन आठवडे काहीही कमी करू नका. फक्त लिहा : काय खाल्लं, किती वाजता. सोबत टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) करून घ्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय आहार घटवू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते.

मग तेलापासून सुरुवात करा, कारण तिथे उपाशी न राहता कॅलरी वाचतात. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा कॅन संपत असेल तर माणशी रोज सुमारे 42 मिली तेल पोटात जातं, म्हणजे 340 कॅलरी. तोच कॅन दोन महिने पुरवला तर माणशी 170 कॅलरी वाचल्या, आणि ताटात काही कमी दिसतही नाही. कॅनवर उघडल्याची तारीख पेनाने लिहा. फोडणी किटलीतून थेट ओतू नका. पोह्याच्या चमच्याने मोजून घाला. किटलीची एक धार म्हणजे तीन-चार चमचे सहज जातात.

प्रथिनं रोज 65 ग्रॅमच्या आसपास हवीत (मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टर सांगतील तितकीच). शाकाहारी घरात ती अशी जमतात : सकाळी 50 ग्रॅम मुगाची धिरडी, दुपारी दोन पोळ्या, वाटीभर घट्ट वरण, वाटीभर मटकीची उसळ, 150 ग्रॅम दही, संध्याकाळी पेलाभर दूध, रात्री एक ज्वारीची भाकरी, भरपूर पालेभाजी आणि 80 ग्रॅम पनीर. मोजूनमापून केलं तर हे 1500 ते 1600 कॅलरींत बसतं. पातळ वरण मात्र चालणार नाही, त्यात पाणीच जास्त. भात हवा असेल तर एक पोळी कमी करून अर्धी-पाऊण वाटी घ्या.

रविवारची मिसळ बंद करू नका. नाशिकमध्ये राहून ते तुम्ही किती दिवस पाळाल? मिसळीतली मटकी तर आपल्या कामाचीच. तर्री वेगळी मागवा, वरचा लाल थर चमच्याने बाजूला काढा, शेव चिमूटभर, पाव एक. जिलबी अख्खी प्लेट न घेता चौघांत एक.

या हिशेबाने आठवड्याला 300 ते 500 ग्रॅम उतरतील. चार किलो उतरले की थांबा आणि दोन महिने तेच वजन राखा. हा थांबा आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो : वजन राखणं हे वेगळं काम आहे आणि ते तुम्ही अजून एकदाही केलेलं नाही. सकाळी शौचानंतर, चहाआधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी पाहा. पाळीच्या आधी किलो-दीड किलो वाढतं, ते सोडून द्या. सरासरी दोन आठवडे दोन किलोने वर राहिली, तरच पुन्हा वहीत लिहायला लागा.

चालणं आठवड्याला 150 मिनिटांपासून सुरू करा. टिकवण्यासाठी पुढे 250 पर्यंत न्यावं लागेल. कृषीनगरचा किंवा तुमच्या भागातला जॉगिंग ट्रॅक उत्तम. पांडवलेणीच्या पायऱ्या सध्या नकोत, उतरताना गुडघ्यांवर भार येतो. दोन दिवस ताकदीचे व्यायाम : हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं 10 वेळा, भिंतीला रेटून पुश-अप 10 वेळा, दोन्हींचे तीन-तीन फेरे. सोपं वाटू लागलं की हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घ्या. झिजलेले स्नायू चालण्याने भरून येत नाहीत.

प्रश्न : अंबडला कारखान्यात नाइट शिफ्ट असते. वजन उतरलं की शिफ्ट बदलते आणि पुन्हा वाढतं. — एक वाचक, सिडको

उत्तर : झोप तुटली की भूक वाढते आणि तळलेलं-गोड हवंसं वाटतं. पूर्ण जेवण कामावर जाण्याआधी घरीच करा. रात्री दोनच्या वडापावऐवजी डब्यात दोन उकडलेली अंडी किंवा मूठभर फुटाणे आणि फळ. चहात दोन चमचे साखर असेल तर पाच चहांचे 200 कॅलरी होतात; दोनच चहा, तेही पहाटे तीनच्या आत, नाहीतर घरी गेल्यावर झोप लागत नाही. सकाळी हलकी न्याहारी करून, खोलीत अंधार करून सात तास सलग झोपा.

प्रश्न : वजनाचं इंजेक्शन थांबवलं तर वजन परत येतं का? — एक वाचक, पंचवटी

उत्तर : बहुतेकांचं येतं. सेमाग्लुटाइड (वजनाच्या इंजेक्शनातलं एक औषध) थांबवलेल्या लोकांच्या 2022 च्या अभ्यासात, उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वर्षभरात परतलं. औषध भूक दाबतं; ते थांबलं की भूक परतते. म्हणून डॉक्टरांना सुरू करण्याआधीच विचारा : किती काळ घ्यायचं, महिन्याचा खर्च किती, आणि कसं बंद करायचं. घेत असताना भूक मंदावल्याने प्रथिनं हमखास कमी पडतात, तेव्हा ताटातलं वरण, अंडं, पनीर आधी खा आणि पोळी नंतर.